मॅपवर गोंदिया दिसतं म्हणजे मुंबईहून गोंदियाला विमान आहे असं होत नाही

तुम्ही विचारलंय की स्वस्त एअरलाइन्स नवीन शहरं कशी निवडतात, आणि मुंबईत राहून कामासाठी छोट्या गावांना जाणाऱ्या माणसाने त्यांच्या रूट मॅपवर भरवसा ठेवावा का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. मॅपवर ठेवू नका. टाइमटेबलवर ठेवा, तेही तुमच्या तारखेच्या.

मी डायलिसिस मशीनचा सर्व्हिस इंजिनियर आहे. ऑफिस अंधेरी एमआयडीसीत, राहायला कांदिवली, फिरती सगळ्या महाराष्ट्रात. आमचे तेव्हाचे साहेब होते त्यांचा या मॅपवर भारी विश्वास. कुठलंही गाव सांगा, मोबाईल काढणार, ठिपका दाखवणार, "हे बघ, कनेक्टेड आहे." मी रात्रीची ट्रेन म्हटलं की सगळ्यांसमोर ऐकवायचे, तुम्हा लोकांची ट्रेनची सवय काय सुटत नाही. हे मला तेव्हाही लागायचं आणि खरं सांगतो अजूनही लागतं.

एकदा गोंदियाच्या एका छोट्या हॉस्पिटलमधून फोन आला, चारपैकी दोन मशीन कंडक्टिव्हिटी अलार्म देऊन बंद. डायलिसिसच्या पेशंटला आज नाही जमलं तर पुढच्या आठवड्यात या असं सांगता येत नाही, दिवसाआड यायचं असतं त्यांना. मी म्हटलं आज संध्याकाळची विदर्भ एक्स्प्रेस दादरला पकडतो, थेट गोंदियापर्यंत जाते, रात्रभर झोपून उद्या उतरलो की सरळ कामाला. साहेब म्हणाले, "अरे गोंदियाला विमान आहे की! ट्रेन ट्रेन काय लावलंय." आणि बुक करून मोकळे. सकाळी मुंबई-हैदराबाद एका कंपनीचं कारण ते स्वस्त पडत होतं, पुढे हैदराबाद-गोंदिया दुसऱ्या कंपनीचं, दोन वेगळी तिकिटं. कागदावर सगळं छान बसत होतं.

आता गंमत नाही, नीट वाचा, कारण हे तुमच्यावरही येईल. माझ्याकडे टूलकिट. पाने, पक्कड, स्क्रूड्रायव्हर केबिनमध्ये सोडत नाहीत, म्हणजे बॅग चेक-इन करायलाच लागते. तिकिटं वेगळी म्हणजे पहिली कंपनी बॅग हैदराबादला बेल्टवर सोडते आणि तिथून तिचा तुमचा संबंध संपला. बॅग घ्या, बाहेर या, वर डिपार्चरला जा, परत आत शिरा, नव्याने चेक-इन करा. काउंटर बंद होतं विमान सुटण्याच्या तासभर आधी. माझं मुंबईचं विमान धावपट्टीवर रांगेत उभं राहिलं, हैदराबादला उशिरा उतरलं, बेल्ट सुरू व्हायला वेळ लागला, आणि मी काउंटरवर पोचलो तेव्हा गोंदियाचं विमान समोर उभं होतं पण काउंटर बंद. तिथल्या मुलीची काही चूक नव्हती, नियम आहे. पहिल्या कंपनीला पुढच्या तिकिटाचं देणंघेणं नाही आणि दुसरीच्या लेखी मी वेळेत न आलेला प्रवासी.

तिथून बसने सिकंदराबाद, मिळेल त्या ट्रेनने बल्लारशाह, तिथून मूल, नागभीड, वडसा करत जाणारी गोंदियाची गाडी. टेक्निशियनचे फोन येत होते, सर सकाळच्या शिफ्टचे दोन पेशंट परत पाठवले, सर एकांना नागपूरला न्यायला सांगितलं. एक आजी दिवसाआड पहाटेच्या एसटीने खेड्यातून यायच्या, त्या बाकावर बसून होत्या, घरी जाऊन परत यायची ताकद नाही म्हणाल्या. मी पोचलो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. विदर्भने गेलो असतो तर आदल्याच दिवशी बॅग उघडली असती. ऑफिसला आल्यावर साहेब म्हणाले, नशीब रे, फ्लाइट लेट झाली. नशिबाचा काय संबंध? तो मॅप वाचायलाच चुकलं होतं.

आता तुमचा पहिला प्रश्न. स्वस्त एअरलाइनचं सगळं गणित विमान हवेत ठेवण्याचं आहे. उतरलं की अर्ध्या तासात परत उडालं पाहिजे, जमिनीवर उभं राहिलं की खर्च. म्हणून शक्यतो इथून तिथे, तिथून परत, मागच्या विमानाची वाट बघत थांबणं नाही. गोंदियाला तेव्हा जाणारं विमान एटीआर, 78 सीटचं, पंख्याचं, जेटपेक्षा बरंच हळू. मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते, आणि स्लॉट, म्हणजे विमान उतरवायची-उडवायची ठरवून मिळालेली वेळ, म्हणजे सोनं. तिथे दोनशेच्या आसपास माणसं नेणारं एअरबस सोडून 78 माणसांचं विमान कोण लावेल? हैदराबादला ते परवडतं. म्हणून 2023 च्या डिसेंबरमध्ये इंडिगोने गोंदिया जोडलं ते हैदराबाद आणि तिरुपतीला. आपल्या राज्यातलं गाव, पण राजधानीला जोडलं नाही. यात कुणाचा कट नाही.

गोंदियाचं विमानतळ बिरसीला आहे, तिथली धावपट्टी आधीपासून होती, तिथे पायलट ट्रेनिंग चालायचं, हेही एक कारण. नवीन शहर निवडताना धावपट्टी तयार आहे का, रात्री उतरता येतं का, आणि सरकार तोटा भरून देतंय का, हे बघतात. छोटी शहरं विमानाने जोडायच्या सरकारच्या उडान योजनेत तीन वर्षं तो तोटा भरून मिळतो. पुढे काय होतं ते सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगच्या 2023 च्या रिपोर्टमध्ये आहे: उडान-3 पर्यंत दिलेल्या 774 रूटपैकी सुरू झाले 371, तीन वर्षं पूर्ण केली 112 नी, आणि 2023 च्या मार्चपर्यंत त्यातले चालू राहिले 54. गोंदियालाही इंडिगोच्या आधी 2022 मध्ये फ्लायबिग या छोट्या एअरलाइनची इंदूर-गोंदिया-हैदराबाद सेवा सुरू झाली होती, टिकली नाही. साहेब हे वाचत असतील तर हे आकडे खास तुमच्यासाठी. ट्रेनची सवय म्हणून नव्हतो सांगत मी.

एक सांगायचं राहिलं, मी विमानाच्या विरोधात नाही. मुंबई-नागपूर दिवसभर विमानं आहेत, नागपूरला उतरून पुढे ट्रेनने गोंदिया दोन-अडीच तास, आता मी घाई असली की असाच जातो. आणि एकाच कंपनीचं एकाच पीएनआरवर कनेक्शन असेल तर बॅग सहसा शेवटपर्यंत जाते आणि पहिलं विमान लेट झालं तर पुढची सोय त्यांची जबाबदारी, ते चालेल. मॅपवरची रेघ मुंबईपासून निघते का, आठवड्यातले किती वार आहे, आणि ते विमान चुकलं तर पुढचं कधी, एवढं बघून मग पैसे भरा.

आणि निघायचं विमानतळ कोणतं तेही बघा. डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईहूनही विमानं सुटतात, बुकिंग करताना घाईत लक्षात येत नाही. कांदिवली-बोरिवलीकडचे असाल तर पहाटेच्या फ्लाइटसाठी तिकडे जायचं टॅक्सीभाडं तिकिटात धरून मगच स्वस्त की महाग ते ठरवा, पनवेलकडचे असाल तर नेमकं उलट.