वाचकांचे प्रश्न : साथीच्या काळातील संपर्कशोध

बाधित व्यक्तीच्या सहवासात आलेल्यांना हुडकून काढण्याच्या कामासंबंधी, म्हणजे संपर्कशोधासंबंधी, या वेळी बरीच पत्रे आली आहेत. अनेकांचा रोख सारखाच असल्यामुळे त्यांतील पाच प्रश्न निवडून उत्तरे देत आहे.

प्रश्न : कोविडच्या साथीत देशोदेशी संपर्कशोधावर मोठे मनुष्यबळ लावले गेले, तरीही साथ जगभर पसरलीच. मग हे साधन कुचकामी ठरले असे का म्हणू नये?

उत्तर : साधन तेच असले तरी रोग बदलला की त्याचा प्रभाव बदलतो. जुलै २०१४ मध्ये इबोलाची लागण झालेला एक प्रवासी विमानाने नायजेरियातील लागोस या कोट्यवधी वस्तीच्या शहरात उतरला, तेव्हा आता येथे हाहाकार उडणार अशीच भीती होती. तेथील आरोग्य कर्मचाऱ्यांनी सुमारे ९०० संपर्कांची यादी केली आणि त्यांच्यावर २१ दिवस लक्ष ठेवले. घरोघर जाऊन ताप व अन्य लक्षणांची विचारपूस करण्यासाठी त्यांनी १८ हजारांहून अधिक भेटी दिल्या. पोलिओ मोहिमेत तयार झालेली माणसे आणि यंत्रणा या कामी आली. रुग्णसंख्या २० वर थांबली आणि २० ऑक्टोबर २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने नायजेरिया इबोलामुक्त झाल्याचे जाहीर केले. हे शक्य झाले याचे एक मोठे कारण असे, की इबोलाचा रुग्ण लक्षणे दिसण्यापूर्वी इतरांना संसर्ग देत नाही. २००३ मधील सार्सही बहुतांशी तसाच होता, त्यामुळे सुमारे आठ हजार रुग्णांनंतर तो आटोक्यात आणता आला.

कोविडने ही सवड दिली नाही. त्याच्या मूळ विषाणूच्या बाबतीत लागण झाल्यापासून सरासरी पाच दिवसांनी लक्षणे दिसत आणि त्याआधी सुमारे दोन दिवस ती व्यक्ती नकळत संसर्ग पसरवू लागलेली असे. समजा, एखाद्याला रविवारी लागण झाली. बुधवारी तो मित्राला भेटला आणि मित्रालाही लागण झाली. शुक्रवारी त्याला ताप आला, शनिवारी त्याने चाचणी केली, अहवाल सोमवारी आला आणि मित्राला फोन गेला मंगळवारी. मित्र मात्र शनिवारपासूनच संसर्ग देऊ लागलेला असणार, म्हणजे पूर्ण तीन दिवस तो माणसांत वावरला. तोच अहवाल शनिवारी मिळून संध्याकाळी फोन गेला असता, तर मित्र जवळजवळ वेळेवर घरी थांबला असता. साधन उपयोगी की निरुपयोगी, हे त्या दोन-तीन दिवसांवर ठरत होते. इंग्लंडमध्ये २०२० च्या शरद ऋतूत स्प्रेडशीटच्या जुन्या फाइलप्रकारात मावतील त्यापेक्षा अधिक नोंदी आल्यामुळे जवळजवळ १६ हजार बाधितांची माहिती संपर्कशोधकांपर्यंत उशिरा पोहोचली. अशा दिरंगाईची किंमत वरच्या हिशेबावरून सहज लक्षात येईल.

रुग्णसंख्या शोधकांच्या आवाक्याबाहेर गेली की हे काम कोलमडते, हेही खरे आहे. म्हणून संपर्कशोधाचे खरे दिवस दोनच : साथीचा आरंभ आणि तिचा उतार. ऐन लाटेत गर्दी टाळणे, हवा खेळती ठेवणे आणि लसीकरण यांच्यावरच मुख्य भार टाकावा लागतो, आणि तेव्हा शोध घ्यायचाच तर रुग्णालये, वृद्धाश्रम अशा धोक्याच्या जागांपुरता घ्यावा, असे माझे मत आहे.

प्रश्न : मला लागण झाली आणि मी कोणाची नावे सांगितली, तर त्यांना माझ्यामुळे घरी बसावे लागेल. शिवाय माझे नावही त्यांना कळेल. अशा वेळी सगळे सांगणे खरोखर आवश्यक आहे का?

उत्तर : आपला संकोच मी समजू शकतो, आणि तो दूर करण्याची जबाबदारी आधी यंत्रणेची आहे. चांगला संपर्कशोधक सुरुवातीला आपली प्रकृती कशी आहे, घरात औषध आणि जेवणाची सोय आहे का, हे विचारतो. नावांकडे तो नंतर वळतो. ‘कोणाकोणाला भेटलात?’ असा थेट प्रश्न विचारला, तर माणसाला चार नावे आठवतात. म्हणून तो लक्षणे सुरू होण्याच्या दोन दिवस आधीपासून एकेक दिवस उलगडत नेतो : सकाळी घरातून किती वाजता निघालात, कशाने गेलात, डबा कोणाबरोबर खाल्ला, खोलीच्या खिडक्या उघड्या होत्या का. फोनमधील कॉलची यादी आणि छायाचित्रे समोर ठेवायला सांगितली, की विसरलेल्या भेटीही वर येतात. संपर्कातील व्यक्तीला फोन करताना मात्र ‘आपण अमुक दिवशी एका बाधित व्यक्तीच्या सहवासात आला होता’ एवढेच सांगायचे असते. आपले नाव उघड करायचे नसते. लहानशा कार्यालयात समोरच्याला अंदाज बांधता येतो, हे नाकारण्यात अर्थ नाही, पण अंदाजाला शोधकाने दुजोरा द्यायचा नसतो.

हा नियम मोडला तर काय होते, हे दक्षिण कोरियाने अनुभवले. तेथे बाधितांच्या हालचालींचे तपशील जाहीर केले जात. नावे नसली तरी काहींची ओळख पटत असे आणि त्यांना टोमणे व बदनामी सहन करावी लागे. मे २०२० मध्ये सोल शहरातील इतेवॉन भागातील क्लबांतून साथ उफाळली, तेव्हा तेथे गेलेले बरेच लोक ओळख उघड होईल या भीतीने पुढे येईनात. अखेर नाव न सांगता चाचणी करण्याची सोय केल्यावर चाचण्यांचे प्रमाण वाढले.

ज्याची रोजची मजुरी बुडणार, त्याने आपली आणि मित्रांची नावे आनंदाने सांगावीत, ही अपेक्षा अन्यायाची आहे. घरी थांबणाऱ्याला बुडालेल्या दिवसांचे पैसे, शिधा आणि नोकरीची हमी द्यायलाच हवी. तो खर्च साथनियंत्रणाच्याच अंदाजपत्रकात धरला पाहिजे.

प्रश्न : एक मीटरच्या आत १५ मिनिटे, असा निकष ऐकला होता. मग १४ मिनिटे बसलेला माणूस सुरक्षित का?

उत्तर : नाही. कोणाला आधी फोन करायचा हे ठरवण्यासाठी आखलेली ती व्यवहारी रेषा आहे. अंतराचा आकडाही सर्व देशांत सारखा नव्हता. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २४ तासांतील थोड्या थोड्या वेळाच्या भेटींची बेरीज १५ मिनिटे झाली तरी ती व्यक्ती निकटची समजावी, असे सांगितले. बंद खोलीत, मोठ्याने बोलणे किंवा गाणे चालू असताना, दूर बसलेल्यालाही लागण होऊ शकते.

प्रश्न : मोबाइल ॲप असताना माणसांनी फोन करत बसण्याची गरज काय? आणि त्या माहितीचा गैरवापर होणार नाही कशावरून?

उत्तर : ॲपचा एक गुण निर्विवाद आहे : बसमध्ये शेजारी बसलेल्या ज्या अनोळखी व्यक्तीचे नाव आपण कधीच सांगू शकणार नाही, तिलाही ते सूचना पाठवू शकते. मात्र त्यासाठी दोघांकडेही ॲप असावे लागते. दहापैकी सहा जणांनी ते घेतले, तर कोणतीही दोन माणसे भेटताना दोघांकडेही ते असण्याची शक्यता साधारण ३६ टक्केच उरते. शिवाय ब्लूटूथ हे अंतराचा अंदाज संदेशाच्या तीव्रतेवरून बांधते. मध्ये भिंत आहे की मोकळी हवा, हे त्याला कळत नाही. घाबरलेल्या माणसाला धीर देणे आणि त्याच्या अडचणी ऐकणे, हे तर माणसालाच जमते.

गैरवापराची शंका रास्त आहे. सिंगापूरमध्ये ‘ट्रेसटुगेदर’ची माहिती केवळ साथनियंत्रणासाठी असल्याचे सांगितले गेले होते. जानेवारी २०२१ मध्ये, गुन्ह्याच्या तपासात पोलिसांनाही ती मिळू शकते, हे सरकारने मान्य केले. टीका झाल्यावर कायदा करून हा वापर गंभीर गुन्ह्यांपुरता मर्यादित केला गेला, पण ही मर्यादा पहिल्याच दिवशी लिहिलेली असायला हवी होती. ॲपल आणि गूगल यांनी २०२० मध्ये तयार केलेल्या रचनेत भेटींची नोंद मध्यवर्ती ठिकाणी न जाता फोनमध्येच राहत असे. माहिती गोळाच न करणे हे मला सर्वांत भरवशाचे संरक्षण वाटते. मात्र अशा रचनेत साथ कोठे पसरते आहे, हे आरोग्य खात्याला त्या ॲपवरून कळत नाही.

प्रश्न : संपर्कातील व्यक्तीची चाचणी दुसऱ्याच दिवशी निगेटिव्ह आली, तर तिला बाहेर पडू द्यायला काय हरकत आहे?

उत्तर : लागण झाल्यानंतरचे पहिले काही दिवस विषाणूचे प्रमाण इतके कमी असते, की चाचणीत ते सापडत नाही. दुसऱ्या दिवशीच्या निगेटिव्ह अहवालाचा अर्थ त्या दिवशी विषाणू सापडला नाही, एवढाच घ्यावा. कोविडच्या सुरुवातीला १४ दिवसांची मुदत ठेवली गेली, कारण बहुतेक बाधितांना तेवढ्या अवधीत लक्षणे दिसत. पुढे अनेक देशांनी ती कमी केली, कारण धोका दर दिवशी घटत जातो आणि लांबलचक मुदत लोक मधूनच मोडतात. ठरलेल्या मुदतीत ताप, खोकला किंवा घसादुखी सुरू झाली, तर आधीचा अहवाल बाजूला ठेवून त्याच दिवशी पुन्हा चाचणी करावी आणि अहवाल येईपर्यंत घरातही वेगळ्या खोलीत राहावे.