वडाच्या बोन्सायला आकार देण्यासाठी तार गुंडाळली तर फांदीवर वळ उठतात. तार किती जाड घ्यावी आणि कधी काढावी?

अ‍ॅल्युमिनियमची तार घ्या, फांदीच्या साधारण एक तृतीयांश जाडीची. ९ मिमी फांदीला ३ मिमी. लांबी फांदीच्या दीडपट कापा. एकाच तारेत जवळच्या, सारख्या जाडीच्या दोन फांद्या घ्या आणि मधल्या खोडाला निदान एक पूर्ण वेढा द्या. नाहीतर एक फांदी वाकवताना दुसरी हलते. वेढे ४५ अंशांत, सालीला टेकलेले पण आवळलेले नकोत. फांदी जिथे वाकवाल त्या बाकाच्या बाहेरच्या बाजूला तार आलीच पाहिजे, फांदी तिथेच फाटते. आदल्या दिवशी पाणी कमी दिलंत तर फांदी जरा लवचिक राहते.

वळ उठतात ते बहुधा तार उशिरा काढल्यामुळे. वड आणि त्याच्या कुळातली इतर फायकस झाडं पावसाळ्यात झपाट्याने जाड होतात. तेव्हा चार आठवड्यांतसुद्धा तार रुतते. म्हणून दर आठवड्याला बघा, आधी शेंड्याकडचे जोमदार भाग. साल तारेच्या कडेने फुगू लागली की काढा, फांदी नव्या आकारात पुरती बसली नसली तरी. नवी तार वेगळ्या जागेवरून पुन्हा घालता येते. काढताना उलगडत बसू नका, प्रत्येक वेढा कटरने तोडा. तार वाचवण्याच्या नादात फांदीवरचे डोळे (कोंब) मोडतात.