विद्यार्थ्यांचं आंदोलन चिरडणं म्हणजे फॅसिझम की नुसती एकाधिकारशाही?

सरकारने विद्यार्थ्यांचं आंदोलन बळाने मोडून काढलं तर त्याला फॅसिझम म्हणायचं की एकाधिकारशाही, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते नुसत्या लाठ्या-गोळ्यांवरून ते ठरत नाही. बहुतेक वेळा ती एकाधिकारशाही असते, फॅसिझम क्वचित. आणि कधीकधी या दोन्हींत न बसणाऱ्या देशातही पोरं मरतात.

४ मे १९७० ला अमेरिकेत केंट स्टेट विद्यापीठात तेच झालं. कंबोडियातल्या लष्करी कारवाईविरुद्ध निदर्शनं चालली होती. नॅशनल गार्ड या राखीव लष्करी दलाच्या जवानांनी १३ सेकंदांत ६७ गोळ्या झाडल्या, ४ विद्यार्थी ठार, ९ जखमी. मेलेल्यांपैकी दोघांचा तर निदर्शनांशी संबंधही नव्हता. पण पुढे राष्ट्राध्यक्षांनीच नेमलेल्या आयोगाने हा गोळीबार अनावश्यक आणि अक्षम्य ठरवला, घरचे लोक कोर्टात गेले, १९७९ मध्ये भरपाई मिळाली. शिक्षा कोणालाच झाली नाही, आणि त्या वेळच्या गॅलप पाहणीत ५८ टक्के लोकांनी दोष विद्यार्थ्यांनाच दिला होता, हेही लक्षात ठेवा. लोकशाहीची फार शेखी मिरवायला नको.

आता मेक्सिको. २ ऑक्टोबर १९६८, त्लातेलोल्कोचा चौक. ऑलिंपिक दहा दिवसांवर आलेलं. विद्यार्थ्यांच्या सभेवर लष्कराने गोळीबार केला. साध्या कपड्यांतले सैनिक गर्दीत मिसळले होते, आपला माणूस ओळखता यावा म्हणून त्यांच्या डाव्या हातात पांढरा हातमोजा. मृतांचा आकडा आजही वादात आहे. १२ ऑक्टोबरला ऑलिंपिक ठरल्याप्रमाणे सुरू झालं आणि तेव्हाचे गृहमंत्री लुइस एचेव्हेरिया दोनच वर्षांनी राष्ट्राध्यक्ष झाले. तिथे निवडणुका नियमित व्हायच्या, फक्त १९२९ पासून २००० पर्यंत सत्ता एकाच पक्षाकडे राहिली. ही माझ्या लेखी एकाधिकारशाही. तिला लोकांनी जयजयकार करावा अशी फारशी हौस नव्हती, गप्प घरी बसले तरी पुरे होतं.

फॅसिझमला तेवढं पुरत नाही. त्याला तरुण पोरं स्वतःच्या बाजूने, गणवेशात, घोषणा देत हवी असतात. १० मे १९३३ ला जर्मनीत जागोजागी पुस्तकांच्या होळ्या पेटल्या, त्यांत पुढाकार विद्यार्थी संघटनेचाच होता, पोलिसांचा नव्हे. इटलीत १९३१ मध्ये प्राध्यापकांना राजवटीशी निष्ठेची शपथ घ्यायला लावली. सुमारे बाराशेंपैकी जेमतेम डझनभरांनी नकार दिला.

सर्वांत अंगावर येतं ते म्युनिक. १८ फेब्रुवारी १९४३ ला हान्स आणि सोफी शोल या भावाबहिणीने विद्यापीठात हिटलरविरोधी पत्रकं ठेवली. उरलेला गठ्ठा सोफीने वरच्या मजल्यावरून खालच्या चौकात ढकलला. ते विद्यापीठाच्या शिपायाने पाहिलं आणि दोघांना पकडून दिलं. २२ तारखेला खटला, त्याच दिवशी शिरच्छेद. इथवरचं कुठल्याही जुलमी राजवटीत घडू शकतं. पण नंतर त्याच विद्यापीठातले विद्यार्थी मोठ्या संख्येने सभागृहात जमले आणि त्या शिपायाचा त्यांनी टाळ्यांच्या कडकडाटात सत्कार केला. फॅसिझम ओळखायचा तो मला या टाळ्यांत दिसतो.

म्हणून एखाद्या घटनेला नाव देण्याआधी पुढच्या काही दिवसांत काय झालं ते बघा. चौकशी मागता येते का, कोर्ट ऐकून घेतं का, वर्गातली बाकीची मुलं घाबरून गप्प आहेत की मारणाऱ्यांचा जयजयकार करताहेत?

आपल्याकडे तर फॅसिझम हा शब्द दोन्ही बाजूंनी वापरून गुळगुळीत झालाय. अहमदाबादच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मेसचं बिल वाढलं म्हणून डिसेंबर १९७३ मध्ये पेटलेल्या आंदोलनाने चिमणभाई पटेलांचं सरकार घालवलं, पुढे बिहार पेटलं. तिथलं नेतृत्व जेपींकडे, म्हणजे जयप्रकाश नारायणांकडे होतं. इंदिरा गांधी आणि भाकप त्यांच्या आंदोलनाला फॅसिस्ट म्हणत होते, आणि आणीबाणी आल्यावर विरोधक इंदिराबाईंना. मला विचाराल तर आणीबाणी एकाधिकारशाहीच होती: वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, मिसा या कायद्याखाली विनाचौकशी तुरुंग, १९७६ मध्ये सुप्रीम कोर्टानेही अटकेविरुद्ध दाद मागायचा दरवाजा बंद केलेला. पण १९७७ मध्ये निवडणूक झाली, त्या हरल्या आणि पायउतार झाल्या. अर्थात, मिसाखाली येरवड्यात महिनोन्‌महिने काढलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगायला मी जाणार नाही.