छोट्या मॉनिटर स्पीकरला सबवूफर (फक्त खालचे सूर, म्हणजे बास वाजवणारा स्पीकर) जोडला, पण बास वेगळाच ऐकू येतो. काय करावं?

पाच इंची स्पीकर, दहा इंची सब, लहान खोली. अगदी माझीच गोष्ट, म्हणून लिहितोय.

बटणं फिरवण्याआधी सब उचला. कोपऱ्यात ठेवलाय ना? मग घुमणारच. आमची बैठक १२ फूट लांब, वर टिनं. एवढ्या लांबीत ४७ हर्ट्‌झच्या आसपासचा सूर फुगतोच, सब कितीही महागाचा आणा. डग्गा वाजतोय की ढोल, कळायचं नाही, वरून टिनांची खडखड.

माझा चुलतभाऊ डीजे चालवतो. "काऊन बे, क्रॉसओव्हर दीडशेवर कर, छातीत धडधडलं पाह्यजे!" म्हणत त्यानं करूनही टाकलं. (क्रॉसओव्हर म्हणजे सबनं किती हर्ट्‌झपर्यंत वाजायचं ते ठरवणारं बटण.) बास मंडपात धडधडतो तो वेगळा. ८० हर्ट्‌झच्या खाली आवाज कुठून येतो ते कानाला सहसा कळत नाही, १५०ला कळतं. गाणारा समोर आणि त्याचा खर्ज कोपऱ्यातून! तो गेल्यावर मी गुपचूप ७०वर आणलं.

एका साली भाव पडला म्हणून बाबांनी कापूस बैठकीतच रचला, मागच्या भिंतीला छातीएवढा. रात्री तबला लावला तर डग्ग्याची मींड सुटी ऐकू आली! घुमणं कापसानं पिऊन टाकलं होतं. चुलतभाऊ म्हणे, "पाह्य, म्या बटन फिरवलं म्हून." फेब्रुवारीत कापूस विकला, घुमणं परत. बटण ७०वरच. पण गावभर तो आजही श्रेय घेतो.

तर सब बसायच्या दिवाणावर ठेवा, बासचं गाणं लावा आणि भिंतीकडेनं गुडघ्यांवर फिरा. बास जिथे सरळ ऐकू येईल, तिथे सब. (आईनं मला विचारलं होतं, काय हरवलं?) मग फेजचं बटण (सब स्पीकरच्या जोडीनं हलतो की उलटा, ते ठरवणारं) ० आणि १८० करून पाहा, बसल्या जागी भरीव वाटेल ते ठेवा. व्हॉल्यूम इतकाच की सब बंद केल्यावरच त्याची आठवण यावी.

हां, रिसीव्हर (क्रॉसओव्हर आतच असलेला होम थिएटरचा अँप्लिफायर) असेल तर त्यातच ८० लावा आणि सबचं क्रॉसओव्हर बटण पूर्ण वर. साधा अँप्लिफायर असेल तर छोटे स्पीकर खालपर्यंत वाजतच राहतात, म्हणून सबचं बटण आधी ६०वर ठेवून सुरुवात करा. आणि कापूस रचाल तर वायरी लांब ठेवा. उन्हाळ्यापर्यंत ठेवलात तर अंगाला खाज सुटते, ती वेगळीच.

परवा चुलतभावानं स्वतःच्या घरी सब लावला. कोपऱ्यात.