वाचक विचारतात: बेडी कुणाला, कधी आणि किती घट्ट?

प्रश्न: सर, माझ्या मोठ्या भावाच्या चेक बाउन्सच्या केसमध्ये तारखा चुकल्या म्हणून वॉरंट निघालं. पोलीस त्याला दुकानातून घेऊन गेले ते थेट बेड्या घालून, अख्ख्या बाजारपेठेने बघितलं. त्याला शुगर आहे, चार पावलं चाललं की दम लागतो, तो कुठे पळणार? विचारलं तर म्हणाले, नवीन कायद्यात बेडी अलाउड आहे. खरंय का हे?
(एक बहीण, सोलापूर जिल्हा)

उत्तर: ताई, अर्धंच खरंय. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्या कलम ४३(३) मध्ये अटक करताना आणि कोर्टात हजर करताना बेडी वापरायची मुभा पोलिसांना दिलीय, पण सरसकट नाही. सराईत गुन्हेगार, आधी कस्टडीतून पळालेला, खून, बलात्कार, अ‍ॅसिड हल्ला, दहशतवाद, संघटित गुन्हेगारी, ड्रग्ज, बेकायदा शस्त्रं, खोट्या नोटा, मानवी तस्करी, लहान मुलांवरचे लैंगिक गुन्हे, देशाविरुद्धचे गुन्हे अशी ती यादी आहे. चेक बाउन्स त्यात कुठे बसतं सांगा? उलट विधेयकाच्या पहिल्या मसुद्यात आर्थिक गुन्हे होते, ते संसदेच्या समितीने सांगितल्यावर काढून टाकले. आणि यादीतल्या माणसालाही बेडी घालायलाच हवी असं कायदा म्हणत नाही, घालता येईल एवढंच म्हणतो.

यादीबाहेरच्यांसाठी सुप्रीम कोर्टाचे जुने निकाल आहेतच. १९८० सालच्या प्रेमशंकर शुक्ला केसमध्ये, म्हणजे तिहारमधल्या एका कच्च्या कैद्याने कोर्टाला तार केली होती त्यावर, न्या. कृष्णा अय्यर यांनी सांगितलं की बेडी हा अपवाद, आणि घातलीच तर का घातली ते त्याच वेळी लिहून ठेवायचं आणि कोर्टाला दाखवायचं. तोवर बड्या घरच्या कैद्याला सूट आणि गरिबाला बेडी असा चक्क नियमच होता, तोही तिथे उडाला. मग १९९५ ची आसामची केस, गुवाहाटीच्या हॉस्पिटलात टाडा या तेव्हाच्या दहशतवादविरोधी कायद्याखालचे सात कैदी कॉटला बेड्यांनी जखडलेले पत्रकार कुलदीप नय्यर यांनी बघितले आणि कोर्टाला पत्र लिहिलं. त्यात तर तुमच्याच प्रश्नाचं उत्तर आहे: वॉरंटवर पकडलेल्या माणसाला बेडी घालायची तर मॅजिस्ट्रेटची त्यासाठी वेगळी ऑर्डर लागते, नुसतं वॉरंट पुरत नाही.

आता करायचं काय. वकिलाला सांगून कोर्टात अर्ज द्या, बेडीची ऑर्डर होती का आणि स्टेशन डायरीत कारण काय लिहिलंय ते मागवा, आणि दुकानातलं सीसीटीव्ही फुटेज आजच कॉपी करून ठेवा, काही दिवसांत ते आपोआप पुसलं जातं. मुंबईत राज्य मानवी हक्क आयोग आहे, तिथेही तक्रार करता येते. तुमच्याच सोलापुरात १९८९ मध्ये एका कच्च्या कैद्याला बेड्या आणि दोरखंड लावून रस्त्यांवरून फिरवलं होतं, हायकोर्टाने त्याला १०,००० रुपये भरपाई दिली. १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम ठेवली, फक्त इन्स्पेक्टरच्या खिशातून नको, सरकारने द्यावी म्हणाले. रक्कम फार नाही, पण वकिलाला निकाल दाखवायला उपयोगी पडेल.

प्रश्न: सिनेमात हिरो एका झटक्यात बेडी लावतो, खरंच तशी लागते?
(कॉलेजचा विद्यार्थी, नाशिक)

उत्तर: लागते. १९१२ मध्ये अमेरिकेत पीअरलेस बेडीचं पेटंट झालं, तिचा दातेरी हात मनगटावर आपटला की गोल फिरून पलीकडून आत जातो आणि अडकतो, आजच्या बहुतेक बेड्या त्याच पद्धतीच्या. दाते एकाच बाजूला सरकतात, म्हणजे बेडी घट्ट होत जाते पण चावीशिवाय सैल होत नाही, आणि सगळी गडबड इथेच होते, पुढचं उत्तर वाच.

प्रश्न: सर, मी नवीन भरती आहे, मुख्यालयातून सारखी कैदी पार्टीला, म्हणजे कैद्यांना कोर्टात ने-आण करणाऱ्या पथकात, ड्यूटी लागते. सीनियर म्हणतात बेडी घट्ट आवळ, आरोपी पळाला तर तू घरी बसशील. बरोबर आहे का?
(एक शिपाई, मराठवाडा)

उत्तर: मित्रा, भीती खोटी नाही, निष्काळजीपणामुळे आरोपी पळाला तर सस्पेन्शन तर आहेच, वर दोन वर्षांपर्यंत साधी कैदही होऊ शकते. पण पळणं थांबतं ते तुमच्या लक्षामुळे, आवळल्यामुळे नाही. आवळल्याने फक्त मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूची नस दबते, अंगठ्यामागचा भाग बधिर होतो आणि ते बधिरपण कधी कधी महिनोन्‌महिने राहतं, मग मेडिकलमध्ये आलं की उत्तर तुलाच द्यायचंय.

आधी कोर्टाची ऑर्डर बघ, ती नसेल आणि आरोपी वर सांगितलेल्या यादीतलाही नसेल तर बेडीच नको, माणसं वाढवून माग. बेडी लावायचीच असेल तर बाही वर सारून, घड्याळ-कडं काढून बेडी लाव, बेडी आणि मनगट यांच्यामध्ये तुझ्या बोटाचं टोक जाईल एवढी जागा ठेव आणि लगेच डबल लॉक कर. चावीच्या मागे जी बारीक पिन असते ना, ती बेडीच्या कडेच्या भोकात दाबायची, मग आरोपी आपटला, हात ओढला तरी ती आणखी आवळत नाही. हे बरेच जण करतच नाहीत, कारण कुणी शिकवलेलंच नसतं.

गाडीत बसवताना साखळीला धरून ओढू नको, दंडाला धर आणि दुसरा हात त्याच्या डोक्यावर ठेव. हात बांधलेल्या माणसाला ब्रेक लागल्यावर स्वतःला सावरता येत नाही. अमेरिकेत बाल्टिमोरला एप्रिल २०१५ मध्ये फ्रेडी ग्रे नावाच्या पोराला हातापायात बेड्या घालून व्हॅनमध्ये टाकलं, सीट बेल्ट लावलाच नाही, प्रवासात मानेचा मणका गेला आणि आठवड्याभरात तो वारला, शहर पेटलं. तेव्हा बेल्ट असेल तर लावायचाच. बेडी गाडीच्या दांड्याला अडकवायची नाही, अपघात होऊन आग लागली तर त्याला बाहेर काढणार कसा? पालथं झोपवून तर अजिबात न्यायचं नाही, छाती दबून श्वास कोंडतो, दारू प्यायलेला किंवा लठ्ठ असेल तर फारच लवकर. लांबचा प्रवास असेल तर मध्ये थांबून बोटं हलवायला सांग, पाणी-लघवी विचार.

आणि निघण्याआधी चावी त्याच बेडीला लावून उघडते का बघ. दुसऱ्याच बेडीची चावी घेऊन कोर्टात पोचलेल्या पार्ट्या मी बघितल्यात, जज साहेब वाट बघत बसलेले आणि शिपाई वर्कशॉप शोधतोय.