नवी बॅटरी बसवूनही सकाळी गाडी सुरू होत नाही; आता अल्टरनेटर बदलावा का?

बॅटरी नुकतीच बदलली असूनही आपली गाडी सकाळी सुरू होत नाही, जंप दिला (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला केबलने जोडले) की मात्र लगेच सुरू होते, आणि गॅरेजमध्ये आता अल्टरनेटर बदलायला सांगितले आहे. तो बदलावा का, असे आपण विचारले आहे. माझे मत असे की मोजमाप केल्याशिवाय गाडीतला एकही भाग बदलू नये. जंप दिल्यावर गाडी सुरू झाली म्हणजे दोष बॅटरीचा किंवा तिला चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचाच, असे सर्वजण धरून चालतात. आमच्याही घरात तसेच धरले गेले होते आणि त्यावरून बराच वाद झाला होता, म्हणून हे जरा विस्ताराने लिहिते.

आमच्या गाडीचे दुखणे असे होते की किल्ली फिरवल्यावर समोरचे दिवे जवळजवळ तसेच प्रखर राहत, पण सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) अर्धवट कण्हून थांबे किंवा 'टक्' असा एकच आवाज करून गप्प होई. माझे धाकटे दीर घरातले गाड्यांचे जाणकार समजले जातात. त्यांच्या सांगण्यावरून आधी बॅटरी बदलली, आणि थोड्याच दिवसांत पुन्हा तीच रड सुरू झाली. मग त्यांनी चालू इंजिनावरच बॅटरीचे टर्मिनल काढले, इंजिन अडखळले, आणि अल्टरनेटर गेल्याचा निकाल त्यांनी जागेवरच दिला. मी मल्टिमीटर आणला तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, यात मोजण्यासारखे काय आहे? जंप दिला की सुरू होते ना?"

मोजण्यासारखे बरेच होते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर 12.5 व्होल्ट दिसत होते, म्हणजे ती पूर्ण भरलेली नसली तरी गाडी सुरू करण्याइतकी निश्चितच भरलेली होती. दीरांना सेल्फ मारायला सांगितला तेव्हाही आकडा 11.6 च्या खाली उतरला नाही. ज्या बॅटरीत जोर नसतो तिचा आकडा सेल्फ मारताच 9.6 च्या खाली जातो. इथे आकडा टिकून होता आणि सेल्फ फिरत नव्हता, याचा अर्थ बॅटरीकडून कोणी पुरेसा प्रवाह घेतच नव्हते. मग मी मीटरचा काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर आणि लाल प्रोब इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर धरून पुन्हा सेल्फ मारायला सांगितला. या दोन टोकांमध्ये सेल्फ फिरताना फार तर 0.2 ते 0.3 व्होल्टचा फरक असावा, पण मीटरवर जवळजवळ 4 व्होल्ट आले. बॅटरीतून निघालेला दाब परतीच्या वाटेवरच खर्च होत होता.

ती वाट म्हणजे गाडीच्या बॉडीपासून गिअरबॉक्सकडे जाणारी तांब्याच्या विणलेल्या तारांची अर्थिंगची पट्टी. तिचा बोल्ट वरून स्वच्छ दिसत होता. तो सोडवल्यावर वॉशरखालून हिरवट-पांढरी भुकटी निघाली, आणि पट्टीच्या निम्म्याहून अधिक तारा टोकाच्या कडीपाशीच तुटलेल्या होत्या. इंजिन चालू असतानाही याच पट्टीत जवळजवळ एक व्होल्ट खर्च होत होता: अल्टरनेटरच्या अंगावर मोजले तर 14.2, बॅटरीवर मात्र 13.2. नवी बॅटरी रोज थोडी थोडी उपाशी राहत होती आणि अल्टरनेटर पूर्णपणे निर्दोष होता. जंप दिल्यावर गाडी का सुरू होई, याचेही उत्तर यातच होते, कारण पद्धतीप्रमाणे जंप केबलचा काळा चिमटा इंजिनाच्या धातूला लावला जाई आणि ती केबलच तुटक्या पट्टीचे काम करी. मी तोच चिमटा मुद्दाम आमच्या बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीला लावून दाखवला, तेव्हा सेल्फने पुन्हा 'टक्' एवढेच केले. (दीर तरीही म्हणाले की पट्टी हा योगायोग असेल.)

आपल्या गाडीतही पट्टीच तुटली असेल, असे मी म्हणणार नाही, पण अल्टरनेटर विकत घेण्याआधी एवढे अवश्य करावे. प्रोब टर्मिनलच्या पकडीवर न ठेवता बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवरच ठेवावा, नाहीतर मधला गंज कधीच पकडला जाणार नाही. सकाळी पहिला आकडा 12.2 च्या आसपास असेल तर बॅटरी जेमतेम अर्धी भरलेली आहे. मग ती दिवसा नीट भरत नाही की रात्री उतरते आहे, हे शोधावे लागेल. इंजिन चालू ठेवून, दिवे आणि ब्लोअर लावून बॅटरीवर 13.8 ते 14.5 येत असेल तर अल्टरनेटरला हात लावण्याचे काही कारण नाही. तेवढे येत नसेल तर बेल्ट सैल आहे का ते पाहावे आणि तीच मोजणी अल्टरनेटरच्या अंगावर करावी. तिथेही आकडा कमी आला तरच अल्टरनेटरचा विचार करावा. दिवसा भरलेली बॅटरी रात्रीत उतरत असेल तर गाडी बंद करून, कुलूप लावून, अर्धा-पाऊण तास थांबून प्रवाह मोजावा. तो साधारण 50 मिलिअँपिअरच्या आत असायला हवा. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत चोर सापडतो. फ्यूज संपले तरी प्रवाह उतरला नाही, तर अल्टरनेटरमधला फुटका डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) हा पहिला संशयित, आणि त्या एका बाबतीत आपले गॅरेज बरोबर ठरू शकते.

चालू इंजिनावर टर्मिनल काढण्याची 'परीक्षा' मात्र कोणालाही करू देऊ नये, मग तो गॅरेजवाला असो की घरातला जाणकार. जुन्या डायनॅमोच्या गाड्यांत ती खपून जाई. अल्टरनेटरच्या गाडीत बॅटरी अचानक तुटली की व्होल्टेज क्षणभर उसळते आणि त्यात डायोड किंवा गाडीचा संगणक जळू शकतो. शिवाय बॅटरीच्या आधाराविना धडधाकट अल्टरनेटरही अडखळतो, त्यामुळे त्या परीक्षेचा निकाल कसाही लागला तरी त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: इंधन वाचवण्यासाठी संगणकाने चार्जिंग कमी-जास्त करणाऱ्या नव्या गाड्यांत, इंजिन चालू असतानाही 12.8 सारखा आकडा काही वेळ दिसू शकतो आणि तो दोष नसतो, म्हणून तिथे गाडीची पुस्तिका पाहूनच निष्कर्ष काढावा. गाडी हायब्रिड असेल तर नारिंगी आवरणाच्या केबलींच्या वाटेला अजिबात जाऊ नये.