‘नसेल पटत तर घेऊन जा’ म्हणतात, मग बोलायचं कसं?

मावशी, माझा भाऊ 36 वर्षांचा आहे, डाऊन सिंड्रोम. आई गेल्यावर त्याला निवासी संस्थेत ठेवलं. मारहाण वगैरे नाही, स्वच्छताही बरी आहे. पण संध्याकाळी साडेसहाला जेवण आणि साडेसातला लाइट बंद. दरवेळी अंगात दुसऱ्याच कुणाचा तरी शर्ट. घरी होता तेव्हा दूध आणायचा, कपड्यांच्या घड्या घालायचा, आता नुसता बसून असतो, सुस्त झालाय, वजन वाढलंय. मॅनेजरना सांगितलं तर म्हणाले, नसेल पटत तर घेऊन जा. घरी सासूबाई अंथरुणावर, दोन खोल्यांचं घर. काय करू?
– एक बहीण, सांगली जिल्हा

अगं, ‘घेऊन जा’ म्हटलं की सगळ्या आया-बहिणी गप्प होतात, आणि हे त्या मॅनेजरना चांगलं माहीत असतं. त्याच्याकडे येऊच, पण आधी भावाची तब्येत बघ. सुस्ती, वजन वाढणं हे ‘मन लागत नाही’ म्हणून सोडून देऊ नकोस. डाऊन सिंड्रोममध्ये थायरॉईडचा त्रास खूप जणांना होतो, वर्षातून एकदा टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) करायला सांगतात, त्याची कधी केली होती ते विचार. रात्री घोरतो का, झोपेत श्वास अडकतो का, दात दुखतायत का, पोट साफ होतं का, कारण दुखतंय हे त्याला सांगता येत नसेल तर तो नुसता गप्प बसेल नाहीतर चिडेल, आणि मग ‘त्रास देतो’ म्हणून गोळी सुरू होते. म्हणून गोळ्या कुठल्या, कुणी लिहून दिल्या, शेवटचं कधी बघितलं, ती चिठ्ठीच मागून घे. चिठ्ठी मागणं म्हणजे भांडण नव्हे.

आता साडेसहाचं जेवण. हे दुष्टपणाने कुणी करत नाही गं. दिवसाच्या मावश्यांची ड्युटी आठला संपते, रात्रीला सगळ्यांना मिळून एकच माणूस, मग सगळे जेवून झोपलेले बरे. म्हणजे तिथला दिवस ड्युटीवर बेतलेला आहे. त्या मावश्या बारा-बारा तास राबतात तुटपुंज्या पगारात, त्यांच्यावर ओरडून काही होणार नाही. मागायचं असेल तर संध्याकाळी चार तासांचा एक जादा माणूस मागा. आणि पैसे कुठून म्हणतील तर सांग, दर रविवारी कुणा ना कुणा देणगीदाराच्या घरचा वाढदिवस होतो ना तिथे, श्रीखंड-पुरी, केक, फोटो, आणि आपल्या माणसांनी ओळीत बसून टाळ्या वाजवायच्या (मला तर ते बघवतच नाही). त्याच देणगीदारांना म्हणा की या वर्षी जेवण नको, एका माणसाचा सहा महिन्यांचा पगार द्या. दहांतले आठ नाही म्हणतील, दोघं देतील की.

शर्टाचं वरवर छोटं वाटतं पण मी तिथूनच सुरुवात करेन. त्याचं नाव घातलेले कपडे, कुलपाचं छोटं कपाट, आणि कपड्यांच्या घड्या घालायचं काम त्यालाच द्या म्हणावं, येतंय ना त्याला. याला फारसा खर्च नाही, त्यामुळे नाही म्हणायला कारणही नाही. दुधाचंही विचार, सोबतीला कुणी असेल तर कोपऱ्यापर्यंत जाऊ दे की त्याला.

पण हे एकटीने मागू नकोस. भेटीला येणाऱ्या बाकीच्यांचे नंबर घे, चार-पाच घरं जमली तरी पुरे, दर तीन महिन्यांनी पालकसभा मागा आणि ठरलेलं लिहून घ्या. एका बहिणीला घेऊन जा म्हणता येतं, सगळ्यांना एकदम म्हणणं अवघड जातं.

कागदाचंही बघ. तो सज्ञान आहे, बहीण आहेस म्हणून कायद्याने आपोआप पालक होत नाहीस. नॅशनल ट्रस्ट कायदा 1999 खाली कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, तिथे पालकत्वासाठी अर्ज कर, मग तुझ्या शब्दाला वजन येईल. निरामय विमा (नॅशनल ट्रस्टचाच आरोग्य विमा) काढलाय का तेही विचार, 1 लाखापर्यंत खर्च मिळतो, ओपीडीचा पण. आणि दिव्यांग हक्क कायदा 2016 प्रमाणे अशा संस्थेला नोंदणी लागतेच, प्रमाणपत्र दाखवा म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे. ऐकलंच नाही तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते. उद्या खरंच मारहाण, डांबून ठेवणं असलं काही दिसलं तर मात्र सभा-बिभा नाही, सरळ पोलीस नाहीतर तहसीलदार.

घरी आणायचं का? आत्ता नको. दोन खोल्या, सासूबाई, तू मोडून पडशील आणि मग त्याचं कोण बघणार. दिवाळीला चार दिवस आण, तो कसा राहतो बघ. आणि जिल्ह्यात कुठे सहा-आठ जणांचं छोटं घर नाहीतर दिवसाची कार्यशाळा आहे का याची चौकशी आत्तापासून सुरू ठेव, कारण दुसरी जागा माहीत असली की मॅनेजरशी बोलताना आवाज आपोआप बदलतो.

टीएसएचचा रिपोर्ट आला की कळव.
– तुझी मावशी